संयू घरात नाही

"सकाळी दोघं आलती. दिलं हाकलून," आत्या म्हणाली आणि माझ्या ताटात दुसरं थालीपीठ टाकलं.

मी नुकतीच उठले होते. तुर्कस्तानातली स्पर्धा संपवून, विमानं आणि बस बदलत आदल्या संध्याकाळी जयसिंगपूरला पोचले आणि अंग टाकलं ते थेट उन्हं खिडकीत येईपर्यंत. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. केससुद्धा न विंचरता स्वयंपाकघरात मांडी घालून बसले होते आणि आत्याच्या हातचं गरम गरम खात होते. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, बाबा रे, आज माझ्याएवढी सुखी बाई सापडायची नाही.

"कोण दोघं?" मी घास तोंडात ठेवूनच विचारलं.

"कुणाला ठाऊक! एक बाई, एक बाप्या. गळ्यात बिल्ले अडकवलेले. बाप्या गप होता, पण बाई महाचिवट. संयोगिता मगदूम हव्यात, महत्त्वाचं काम आहे म्हणे. म्हटलं, न्हाई घरात. कुठं गेल्यात? म्हटलं, पुण्याला. तरी हलेनात. समोर लिंबाखाली गाडी लावून बसली. तासाभरानं बाई परत गेटवर! म्हटलं, एकदा सांगितलं न्हवं, न्हाई म्हणून? तवा कुठं गेली." आत्यानं थालीपिठावर तूप सोडलं. "खा. केवढी वाळलीयस."

माझा घास तोंडात तसाच राहिला.

"किती वाजता आलेली?"

"पहाटेचं सामायिक, जपजाप्य आटपून सडा टाकायला बाहेर आले, तवा. सहा वाजले असतील."

"आणि माझा फोन?"

"तो मेला सारखा कोकलत होता तुझ्या उशाशी. गोधड्यांच्या पेटीत ठेवलाय, पार खाली दाबून."

मी उठले तसं ताट कलंडलं. पेटीतल्या सगळ्या गोधड्या उपसल्या, फोन काढला. गजर वाजून वाजून दमला होता आणि एका अनोळखी नंबरचे मिस्ड कॉल पडले होते. मी त्या ढिगातच बसले. आत्या दारात उभी राहून म्हणत होती, "अगं, एवढं काय झालंय? परत येतील की, गरज असेल तर."

परत येणार नव्हती. तोच तर घोळ होता.

आमच्या टेनिसच्या धंद्यात एक जाच आहे. अमुक वरच्या नंबरावर गेलात की रोज कुठं असणार ते फोनवर भरून ठेवायचं आणि दिवसातला एक तास असा द्यायचा, की त्या तासाला तुम्ही त्या जागी सापडलाच पाहिजे. उत्तेजक औषधं घेता की काय, हे तपासायला माणसं कधीही येतात, न सांगता. वर्षाच्या आत तीनदा सापडला नाहीत तर औषध घेऊन पकडलेल्याच्याच रांगेत उभं करतात, थेट बंदी. मी दोनदा हुकले होते. एकदा स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले आणि त्याच संध्याकाळच्या विमानानं पुढच्या गावी निघाले, फोनवर बदल करायचं राहून गेलं. नोकरदाराला ठाऊक असतं उद्या आपण कुठं असणार ते, आम्हाला ते जाळीपलीकडची पोरगी ठरवून देते! दुसऱ्यांदा आयोजकांनी ऐनवेळी हॉटेल बदललं. तेव्हापासून मी सकाळी सहाचा तास धरला होता. त्या वेळी माणूस अंथरुणातच असतो, हुकायचा प्रश्नच नाही.

आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? नमुना देताना एक परकी बाई समोर उभी राहून बघते, डोळ्यांत तेल घालून. हे आत्याला कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी माझ्या रॅकेटी चुलीत घातल्या असत्या. आई मी लहान असताना गेली. माझ्या वडिलांची, अण्णांची ही थोरली विधवा बहीण, पद्मावती, तिनंच मला वाढवलं. पहाटे उठून डबा करायचा आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला बसून माझे लांब गेलेले चेंडू गोळा करायचे. टेनिसमधलं तिला एकच कळायचं, चेंडू पलीकडं पडला की चांगलं.

आणि 'नाही म्हणून सांग' हे अण्णांनीच तिला शिकवून ठेवलं होतं. माझ्या जोडीदारणीचं, मेहेरचं, आणि माझं दुहेरीत ऑलिंपिकला जायचं नक्की झालं, पेपरात फोटो आला, आणि घराला जत्रेचं रूप आलं. नगरसेवक यायचा, सराफ दुकानाच्या उद्‌घाटनाला बोलवायचा, कुणाची तरी भाची नुसती सेल्फीला यायची. अण्णा वैतागले. म्हणाले, "अक्का, कुणीही येऊ दे, मुख्यमंत्री आला तरी. सरळ सांगायचं, संयू घरात नाही." आत्याचं खरं बोलण्याचं व्रत होतं, मुनिमहाराजांपुढं घेतलेलं. पण दारातल्या माणसाला नाही म्हणणं हे तिच्या लेखी खोटं नव्हतंच. आमच्याकडं कुठल्या घरात ते खोटं धरतात?

अण्णा मळ्यातून आले. मी सांगितलं तसे ओट्यावर मटकन बसले. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवलेला माणूस, कधी पाठ वाकवून बसलेला मी पाहिला नव्हता.

"सगळं संपलं का गं?" ते हळूच म्हणाले.

"माहीत नाही."

"अक्काला बोलू नको हं काही. मरेल ती."

मी चिडले. "अण्णा, आधी मी मरतेय! माझं बघा ना जरा!"

आत स्वयंपाकघरात आत्या कलंडलेलं ताट पुसत होती. तिला ऐकू गेलं नाही, निदान तेव्हा आम्हाला तसं वाटलं.

मेहेरला फोन केला. ती पुण्याची पारशी पोर, माझी जोडीदार. दोघींनी कुठल्या कुठल्या देशांत एका खोलीत दिवस काढले होते, एकीच्या पायाला फोड आले तर दुसरीनं सुई तापवायची. जाळीपाशी मी पाठीमागं हात करून बोटं दाखवायची आणि मेहेर तशीच सर्व्हिस करायची. कित्येकदा मी बोटं दाखवायच्या आधीच तिला कळायचं. आम्ही एकेरीत दोघीही बेताच्या. एकत्र उभ्या राहिलो की मात्र मोठमोठ्या जोड्यांना घाम फोडायचो.

"पण तू घरीच होतीस ना?" मेहेर ओरडली. "मग सांग ना तसं! आत झोपलेलीस, यात तुझा काय गुन्हा?"

"सांगणार आहे. वकील बघतायत अण्णा."

"संयू, फेडरेशनवाले आत्तापासून विचारतायत. तुझा निकाल वेळेत नाही लागला तर माझ्यासोबत कोण, म्हणून."

"मग घे दुसरी."

"वेडी आहेस का? मी नाही खेळणार दुसरीबरोबर."

"खेळायचं. मी सांगते म्हणून खेळायचं," मी म्हटलं आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. ती बिचारी खरंच नाही म्हणत होती आणि मला मनातून तेच हवं होतं, हेही आता सांगून टाकते.

पुण्याच्या गोगटे वकीलबाई खेळाडूंचीच प्रकरणं बघायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ, एकच वाट आहे. तू घरात होतीस, उपलब्ध होतीस आणि तुझ्याकडून निष्काळजीपणा झाला नाही, हे पटवायचं. ते पटवणारी जगात एकच व्यक्ती आहे, तुझी आत्या. तिनं सुनावणी घेणाऱ्या पॅनेलसमोर जे घडलं ते जसंच्या तसं सांगायचं. माणसं आली, तिनं गैरसमजानं परत पाठवली, तू आत झोपली होतीस. म्हातारं माणूस आहे, साधं आहे, खरं बोलतंय हे दिसेल. मला आशा आहे."

आशा! त्या एका शब्दावर मी पुढचे दिवस काढले. ऑलिंपिक तोंडावर असल्यामुळं सुनावणी घाईनं लागली. मी रोज मैदानात जाऊन भिंतीवर चेंडू मारत होते, जणू काही घडलंच नाही.

आत्याला सांगायचं काम अण्णांनी अंगावर घेतलं. मी माजघरात उभी राहून ऐकत होते.

"अक्का, त्या दिवशी ती दोन माणसं आली होती बघ. त्याबद्दल तुला काही विचारणार आहेत. कॉम्प्युटरवर. तू खरं काय ते सांगायचं."

"कोण विचारणार? पोलीस?"

"छे छे. खेळाचीच माणसं. कमिटी असते."

मग आत्यानं विचारलं, "भूपाल, माझ्या हातनं काही वाईट झालंय का? मी न्हाई म्हटलं म्हणून संयू अडकली का?"

तेव्हा अण्णांनी हो म्हणायला हवं होतं. हो अक्का, अडकली, आणि आता तूच सोडवू शकतेस. एवढंच वाक्य. पण समोर त्या बहिणीचं तोंड होतं, आणि त्यांना धीर झाला नाही.

"नाही गं, तसलं काही नाही. नुसती विचारपूस. रीत असते."

"मग बरं," आत्या म्हणाली.

मीही आत गेले नाही. मला वाटलं, खरं सांग म्हणून सांगितलंय ना, ती खरंच सांगेल. तिला खोटं येतंय कुठं?

सुनावणीच्या दिवशी समोरच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप मांडला. पडद्यावर पॅनेलचे तिघं, वकीलबाई, समोरच्या बाजूचा वकील, आणि मराठीचं इंग्रजी करून सांगणारा एक दुभाष्या. आत्या ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ताठ बसली होती. मला आणि अण्णांना मागं भिंतीशी बसवलं होतं. साक्षीदाराशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, अशी ताकीद होती.

वकीलबाईंनी मऊ आवाजात विचारलं, "आजी, त्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला तुमच्या गेटवर कोण आलं होतं?"

आत्यानं मान वळवून एकदा माझ्याकडं पाहिलं. मी हसले, तिला धीर यावा म्हणून. मग ती पडद्याकडं वळली.

"कोण न्हाई," ती ठणठणीत आवाजात म्हणाली.

वकीलबाई थबकल्या. "आजी, नीट आठवा. एक बाई आणि एक पुरुष आले होते ना?"

"कोण आलं न्हाई, बाई. मी सडा टाकत होते की अंगणात. चिटपाखरू न्हवतं. कोण आलं असतं तर मी काय पोरीला उठवलं नसतं?"

अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. तोंड उघडायची सोय नव्हती. आत्या, अगं आत्या, खरं सांग, आली होती म्हण, हाकलली म्हण! मी मनातल्या मनात किंचाळत होते. आणि ती ताठ पाठीनं, कुणाला वाटावं कीर्तनात बसलीय, अशी शांत बसली होती.

समोरच्या वकिलानं एक फोटो दाखवला. त्या बिल्लेवाल्या बाईनं गाडीतून काढलेला. आमचं निळं गेट, आणि गेटाआड पाण्याची बादली घेतलेली आत्या, हात वर करून 'जा' म्हणतेय.

"या बाई आपण आहात का?"

आत्यानं फोटो पाहिला. जरासुद्धा डगमगली नाही. "असलं लुगडं नेसणाऱ्या बायका आमच्यात पुष्कळ हायेत," ती म्हणाली. दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्याचाही आवाज खाली आला.

वकीलबाईंनी सगळं करून पाहिलं. वय सांगितलं, घाबरल्यात म्हणून सांगितलं. पॅनेलच्या मधल्या बाई काही लिहून घेत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, मी माझं सगळं सांगितलं, फोन, पेटी, गोधड्या. पण आता ते सगळं रचलेलं वाटत होतं. मलाच वाटत होतं, तर त्यांना का वाटू नये?

लॅपटॉप मिटला तशी आत्या उठली आणि तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"कशी सांगितली साक्ष? हे म्हणतात ना, माणसं आली तेव्हा तू सापडली न्हाईस? मग माणसं आलीच न्हाईत! आता कुणाची टाप हाय तुला अडवायची? मी काय येडी हाय का? त्या दिवशी ताट टाकून उठलीस, तवाच मला कळलं, काहीतरी झालंय म्हणून. ओट्यावरचं तुमचं बोलणंबी ऐकलं मी. भूपाल आपला न्हाई न्हाई म्हणतोय."

अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी म्हटलं, "छान केलंस आत्या."

दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी ती बस्तीत, आमच्या जैन मंदिरात गेली. देवापुढं बसून तिनं मीठ सोडलं, जन्माचं. मला जेवताना अळणी आमटी वाढून घेताना दिसली तेव्हा विचारलं. "व्रत मोडलं न्हवं," ती म्हणाली, "त्या कमिटीपुढं बोलले ते खोटंच होतं. दारातल्या न्हाईसारखं न्हाई ते. प्रायश्चित्त नको? पण सौदा वाईट न्हाई. मीठ जातंय, पोरगी ऑलिंपिकला जातीय." आणि खुशीत भात कालवू लागली.

निकाल लागला तो वाचायचीसुद्धा गरज नव्हती. घरातली साक्ष विश्वासार्ह नाही, त्यामुळं खेळाडू घरी होती हेही ग्राह्य धरता येत नाही. बंदी. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "वर दाद मागू. पण ऑलिंपिकच्या आधी काही होणार नाही, संयोगिता. आणि वर गेलो तर तुझ्या आत्यांना खोटी साक्ष दिली हे कबूल करायला लावावं लागेल. उलटतपासणी होईल. विचार कर."

विचार करायला अण्णा आणि मी मळ्यात गेलो. उसाच्या बांधावर बसलो.

"अक्काला काय सांगायचं?" शेवटी अण्णा म्हणाले.

मला वाटत होतं, खरं सांगावं. घरी जाऊन ओरडून सांगावं. मी लहानपणापासून ज्यासाठी मैदानावर घाम गाळला ते तू दोनदा मोडलंस, एकदा गेटवर आणि एकदा टेबलाशी. खरंच, मला तिचा त्या वेळी भयंकर राग आला होता. पण मग ती अळणी आमटी डोळ्यांपुढं आली.

"खांदा दुखावला म्हणून सांगू," मी म्हटलं. "उजवा."

अण्णांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी पेपर बंद केला.

गावाला काय, पेपर बंद करता येत नाही. आठवड्यात सगळीकडं झालं, मगदुमांची पोरगी औषधं घेताना सापडली. शाळेनं सत्कार रद्द केला. सराफानं दुकानावरचा माझा फोटो उतरवला. बाजारात ओळखीची माणसं चपला खरेदी करायच्या निमित्तानं पाठ फिरवायची. एकदा बस्तीत कुणी आत्याच्या कानावर घातलं, तर ती भांडून आली. "म्हटलं, तोंड सांभाळ. माझ्या पोरीचा खांदा गेलाय, तू औषध म्हणतीस?" मला सांगताना रागानं तिचं तोंड लाल झालं होतं. मी म्हटलं, जाऊ दे आत्या, बोलू दे त्यांना.

रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत तिचं जेवण उरकलं की ती तिळाचं तेल कोमट करून घ्यायची आणि माझा खांदा चोळायची. धडधाकट खांदा. मी भिंतीला टेकून बसायची आणि मधूनमधून कण्हायची, खरं वाटावं म्हणून. तेवढा एकच खेळ मला उरला होता.

ऑलिंपिकमधली मेहेरची पहिली मॅच होती त्या दिवशी अण्णा सकाळपासून मळ्यातून आलेच नाहीत. मीही टीव्ही लावणार नव्हते. पण आत्या म्हणाली, "मेहेर खेळतीय न्हवं? लाव की. आपलीच पोर हाय ती." लावला. मेहेर मागं सर्व्हिसला उभी होती, आणि जाळीपाशी माझ्या जागेवर एक उंच पोरगी, चांगली खेळणारी, एकेरीत माझ्यापेक्षा कितीतरी वर. ती पाठीमागं बोटं दाखवत होती आणि मेहेर दर वेळी पुढं वाकून नीट बघत होती. पहिला सेट गेला. दुसऱ्यातही दोघी एकाच चेंडूवर धावल्या आणि चेंडू मधून गेला.

आत्या माझा खांदा चोळत होती. तिला गुण कळत नव्हते, पण हरतायत एवढं कळत होतं.

"तू असतीस तर," ती म्हणाली.

मॅच संपली. मेहेर टॉवेलात तोंड घालून बसली होती, कॅमेरा तिच्यावरून हलत नव्हता.

आत्याचा हात थांबला. मागं वळून पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून धार लागलेली.

"माझ्याच हातात जोर राहिला न्हाई गं," ती म्हणाली. "आधीपासून चांगलं चोळलं असतं, वैद्याकडं लवकर नेलं असतं, तर आज तू तिथं असतीस. माझ्यामुळं गेलं बघ तुझं, संयू. माझ्यामुळं गेलं."

हे एक वाक्य तिच्या तोंडून निघू नये म्हणून अण्णा खोटं बोलले होते, मी खोटं बोलले होते, गावाचे शिव्याशाप खाल्ले होते. आणि ती शेवटी ते बोललीच, वर भलत्याच कारणासाठी.

"काहीतरीच काय, आत्या," मी म्हटलं. "तुझ्या हातानंच तर बरं वाटतंय. आता जरा हा डावाही दुखायला लागलाय बघ." आणि दुसरा खांदा तिच्यापुढं केला.

तिनं पदरानं डोळे पुसले, हातावर तेल घेतलं आणि जोर लावून चोळायला लागली.